वकिलाने रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर जावं की बाहेर राहून काम करावं? (नागपूर)

तेलंगखेडी
राम राम मंडळी. शहरातल्या एका साठ खाटांच्या धर्मादाय रुग्णालयाने दिवाणी बाजूला बारा-तेरा वर्षं वकिली केलेल्या एका ताईंना मंडळावर बोलावलं आहे. पद मानद सचिवाचं. बोलता बोलता विश्वस्त असंही म्हणाले की, "मग आपल्या केसेसही तुम्हीच पाहाल, बाहेरच्या वकिलाची फी वाचेल." ताईंना आरोग्याच्या कामात मनापासून उतरायचं आहे, नावापुरतं नाही.

प्रश्न असे. सनदेचं काय होतं? न्यासाच्या केसेस त्या लढू शकतात का? वकील म्हणून तिथे पहिल्या महिन्यात नेमकं काय हातात घ्यायचं? आणि सुरुवात विश्वस्त मंडळापासूनच करावी, की या क्षेत्रात शिरायला दुसरी चांगली वाट आहे? जाणकारांनी कलमं-तारखांसह लिहावं ही विनंती.

कागदवाला
पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांत स्वच्छ लिहिलेली आहेत.

नियम ४९: पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवायची आणि राज्य विधिज्ञ परिषदेला कळवायचं. आपल्याकडे ती महाराष्ट्र व गोवा परिषद. सनद स्थगित होते, नोकरी सोडल्यावर अर्ज करून पुन्हा सुरू करता येते. मानद सचिव म्हणजे पगार नाही, तर हा नियम आडवा येत नाही. पण 'मानधन' म्हणून दरमहा ठरावीक रक्कम, हजेरी आणि कामाचे तास सुरू झाले की नाव काहीही द्या, ती नोकरीच दिसते.

नियम ८ जास्त महत्त्वाचा. ज्या संस्थेच्या कार्यकारी समितीवर वकील आहे, त्या संस्थेच्या बाजूने किंवा विरुद्ध त्याला कोणत्याही न्यायालयात, न्यायाधिकरणात उभं राहता येत नाही. समितीचं नाव काहीही असो, कारभार तिच्याकडे असला की ती कार्यकारी समिती. म्हणजे 'केसेसही तुम्हीच पाहाल' हे चालणार नाही. फी न घेता उभं राहिलं तरी सुटका नाही, कारण बिनफीची सवलत त्या नियमात फक्त विधिज्ञ परिषद आणि वकील संघ अशा संस्थांपुरती आहे.

ताई विश्वस्त म्हणून दुसऱ्या वकिलाच्या वकीलपत्रावर सही करू शकतात, त्याला माहिती पुरवू शकतात, साक्षीला उभ्या राहू शकतात. वकिलाचा बँड लावून मात्र नाही.

मोरभवन
आणि न्यासाऐवजी कलम ८ ची (नफा न वाटणारी) कंपनी असेल तर?

कागदवाला
@मोरभवन, नियम ४८ पाहा. वकील कंपनीचा संचालक किंवा संचालक मंडळाचा अध्यक्ष होऊ शकतो, पण कामं कार्यकारी स्वरूपाची नकोत. व्यवस्थापकीय संचालक आणि कंपनी सचिव ही दोन पदं सरळ निषिद्ध. नियम ८ तिथेही लागतोच.

लेखापाल_धंतोली
तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. पहिल्या आठवड्यात धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदीचा, ताजा उतारा काढा. त्यात कोणाची नावं आहेत ते आजच्या मंडळाशी ताडून पाहा. जुन्या न्यासांत हमखास सापडतं की उताऱ्यावर दोन विश्वस्त दिवंगत आहेत आणि कारभार करणाऱ्या चौघांची नावंच चढलेली नाहीत.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ खाली बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज) द्यावा लागतो. सोबत सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, हजेरी, ठराव, नव्या विश्वस्ताचं संमतीचं शपथपत्र, जुन्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला. अडतं ते नोटिशीवर. न्यासाच्या घटनेत (नियमावलीत) 'सात दिवस आधी लेखी सूचना' असते आणि नोटीस फोनवर दिलेली असते. मग हरकत आली की प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळतं, त्या मागचे सगळे रिपोर्ट त्याच्या पाठी अडकतात, आणि बँक सही बदलून देत नाही. सीएसआर (सामाजिक कामाचा निधी) देणाऱ्या कंपन्याही पहिल्यांदा हाच उतारा मागतात. त्यांचा निधी घ्यायचा तर न्यासाला सीएसआर-१ ची नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे, ती झाली आहे का पाहा.

दुसरं कलम ३६. न्यासाची इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तळमजला सोनोग्राफीवाल्याला, कोपरा औषध दुकानाला, असे करार रुग्णालयांत नेहमीचेच. करारात ११ महिने लिहून दहा वर्षं तोच माणूस बसलेला असेल तर ते प्रकरण आधी उघडून पाहा.

तिसरं कलम ३१अ, अंदाजपत्रक. वर्ष सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी द्यायचं असतं. याकडे फार जण दुर्लक्ष करतात.

सिस्टर_मेडिकलचौक
लेखापालदादांचं सगळं बरोबर, पण क्रमाशी मी सहमत नाही. उतारा आठ दिवसांनी काढला तरी चालेल. ताईंनी पहिल्या दिवशी भरती काउंटरवर दोन तास बसावं. धर्मादाय रुग्णालय कायदा पाळतं की नाही ते तिथे कळतं.

त्याच अधिनियमाचं कलम ४१अअ आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २००६ च्या आदेशाने मंजूर केलेली योजना, या दोन्हींची प्रत त्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये हवी. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. साठ खाटांत सहा आणि सहा. सध्याची वार्षिक उत्पन्नमर्यादा निर्धनांना १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांना ३ लाख ६० हजार. पुरावा तहसीलदाराचा दाखला, रेशनकार्ड किंवा दारिद्र्यरेषेचं कार्ड.

पैसे येतात निर्धन रुग्ण निधीतून. रुग्णालयाच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम या वेगळ्या खात्यात टाकायची. समजा महिन्याचं बिलिंग ४० लाख, तर ८० हजार. निर्धन रुग्णाला खाट, निवासी डॉक्टर, नर्सिंग, जेवण, चादरी, पाणी, वीज, नेहमीच्या तपासण्या यांचं बिल लागतच नाही. बाकीच्याचं बिल सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने, औषधं-साहित्य-इम्प्लांट खरेदी किमतीने, आणि ते निधीतून वळतं करायचं. डॉक्टरांनी आपली फी सोडायची. दुर्बल घटकातल्या रुग्णाने औषध-साहित्य-इम्प्लांटच्या बिलाचा किमान अर्धा भाग भरायचा.

चुका कुठे होतात ते सांगते.
– निधीला बिल लावताना औषधं छापील किमतीने लावली जातात. खरेदी किंमत आणि छापील किंमत यांत मोठं अंतर असतं, निधी महिन्याच्या मध्यातच संपतो आणि पुढच्या रुग्णाला 'निधी शिल्लक नाही' हे उत्तर मिळतं. संगणकात निर्धन रुग्णासाठी वेगळी दरसूची भरून ठेवली की हा प्रकार थांबतो.
– रुग्ण अत्यवस्थ असताना आधी दाखला मागतात. योजनेत स्पष्ट आहे: तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून स्थिर करायचं, अनामत मागायची नाही, कागद नंतर.
– काउंटरवरच्या मुलीला योजना माहीत असते, रात्रपाळीच्या माणसाला नसते. रविवारी रात्री अकराला चौकशी करून पाहावं.
– रिकाम्या खाटांचा फलक दर्शनी भागात नसतो, किंवा असतो आणि मागच्या महिन्याचा असतो.

हे चार नीट लागले तर ताईंनी वर्षभरात दुसरं काही नाही केलं तरी रुग्णालयाचं भलं होईल.

जरीपटका
सिस्टर, महात्मा फुले योजनेचा रुग्ण असेल तर निधी वापरायचा का?

सिस्टर_मेडिकलचौक
आधी आरोग्यमित्राकडून (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाकडून) पाहायचं की तो आजार योजनेच्या पॅकेजमध्ये बसतो का आणि रुग्णालय त्या विभागासाठी अंगीकृत (योजनेत सामील) आहे का. बसत असेल तर योजना. बसत नसेल तर निर्धन निधी. एकाच गोष्टीचे पैसे दोन्हीकडून उचलायचे नाहीत, तपासणीत हे पहिलं पकडलं जातं. नकाराचं पत्र फाइलला लावून ठेवावं, म्हणजे निधी का वापरला हे दोन वर्षांनीही सांगता येतं.

वैनगंगा
सगळे हिशेबाचं बोलून राहिले, आगीचं कोणी काढलं नाही. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला ९ जानेवारी २०२१ ला आग लागली आणि दहा बाळं गेली. आपल्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर. विश्वस्त म्हणून सही करणाऱ्या माणसाने यानंतर एकही रात्र बेफिकीर राहू नये.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी द्यायचा असतो. यंत्रणा चालू स्थितीत आहे असं ते प्रमाणपत्र. एजन्सी बऱ्याचदा ऑफिसात बसूनच भरून देते. म्हणून फॉर्म येतो त्या दिवशी सचिवाने स्वतः फिरावं. पंप सुरू करून वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब येतो का, मागच्या जिन्याला कुलूप आहे का, अतिदक्षता विभागातली एक्स्टेंशन वायर किती उपकरणं ओढून राहिली. ऑक्सिजन वाढला की ठिणगीला वेळ लागत नाही, एसी चोवीस तास चालतो आणि वायरिंग वीस वर्षांपूर्वीचं असतं. वीजभार तपासून घ्या, तो खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीला टाका.

सक्करदरा
वैनगंगाभाऊंना अनुमोदन. जैववैद्यकीय कचऱ्याचंही बघा. २०१६ चे नियम. पिवळ्या पिशवीत ऊतक, मळलेली ड्रेसिंग, मुदत संपलेली औषधं. लाल पिशवीत सलाईनच्या नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज. पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात सुया-ब्लेड. निळ्यात काच आणि धातूचे इम्प्लांट. न प्रक्रिया केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत.

दिवाळीच्या सुट्यांत गाडी येत नाही आणि ४८ तास उलटतात, हे दरवर्षीचं. करारात सुटीच्या दिवसांचं कलम घालून घेणं हे वकिलाचंच काम.

संत्राबर्फी
धागा छान चाललाय, वाचतेय. केसेस होतात त्यावर कोणी लिहा न. वकील म्हटल्यावर रुग्णालयाला तीच आशा असते.

कागदवाला
@संत्राबर्फी, केस उभी राहायच्या आधी जे करता येतं तेच मुख्य.

संमतीपत्र: सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सांगितलं की तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला पुरत नाही. म्हणून छापील कागदावर 'आवश्यक ते सर्व उपचार' हे वाक्य असेल तर तो कागद बदला. प्रत्येक प्रक्रियेचं नाव, धोके, पर्याय, आणि रुग्णाला कळणाऱ्या भाषेत. नागपुरात मराठी आणि हिंदी दोन्ही छापून ठेवावेत, सीमेपलीकडून छिंदवाडा-बालाघाटचे रुग्ण येतात. सहीच्या शेजारी तारीख आणि वेळ.

केसपेपर: रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत प्रत द्यायची, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे. पोलिसांत नोंदलेली प्रकरणं निकाल लागेपर्यंत नष्ट करू नयेत. ७२ तास टाळले की साध्या गैरसमजाचं ग्राहक तक्रारीत रूपांतर होतं, कारण नातेवाइकांना वाटतं की आत खाडाखोड सुरू आहे. खाडाखोड करायचीच नाही. चूक झाली तर एक रेघ, वर सही, तारीख.

ग्राहक आयोगाची नोटीस आली तर लेखी जबाबाला ३० दिवस, जास्तीत जास्त आणखी १५. पंचेचाळिसाव्या दिवसानंतर आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे २०२० मध्ये घटनापीठाने पक्कं केलं. नोटीस आवक बारनिशीत पडून राहिली आणि सचिवाकडे चाळिसाव्या दिवशी आली, असं व्हायला नको. आवक विभागाला एकच सूचना द्या: न्यायालय, आयोग, पोलीस यांचा कागद त्याच दिवशी सचिवाच्या फोनवर.

मारहाण-तोडफोड झाली तर २०१० चा राज्याचा कायदा आहे, दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, नुकसानीच्या दुप्पट भरपाई. फिर्याद देताना त्या कायद्याचं नाव लिहून द्या.

मोरभवन
स्थायी लोकअदालत राहिली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम २२अ मध्ये रुग्णालय-दवाखान्याची सेवा ही 'सार्वजनिक उपयुक्तता सेवा' म्हणून मोजली आहे. प्रकरण कोर्टात जायच्या आधी तिथे नेता येतं, एक कोटीपर्यंत, कोर्ट फी नाही. तडजोड झाली नाही तर ती गुणवत्तेवर निकालही देते. बिलावरून झालेल्या भांडणांना हा मार्ग फार कमी जण वापरतात. रुग्णालयाने स्वतःच तक्रार कक्षाच्या फलकावर ही माहिती लावावी.

नर्मदाताई_वकील
माझं मत वेगळं आहे आणि मी ते ठामपणे मांडते. मंडळावर जाऊच नये, निदान पहिली तीन वर्षं. एकदा विश्वस्त झालात की नियम ८ मुळे त्या संस्थेपुरता वकिलीचा हात बांधला जातो. शिवाय मंडळावर एकच वकील असला की प्रत्येक कागद त्याच्याकडे सरकतो, आणि धोरणावर बोलायला वेळच उरत नाही. बाहेरच्या वाटा बघा.

नैतिकता समिती. औषध चाचण्यांसाठी २०१९ च्या नियमांनुसार समितीत किमान सात सदस्य, आणि निर्णयाला लागणाऱ्या पाच जणांच्या गणपूर्तीत एक कायदेतज्ज्ञ असावाच लागतो. तो नसेल तर बैठक पुढे जात नाही. निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे हवेत. म्हणजे विश्वस्त झालात की बाहेरच्या बाजूने मोजल्या जाणार नाही. इथे वकिलाने तीन गोष्टी वाचायच्या: विमा पॉलिसीची मुदत चाचणीच्या मुदतीला पुरते का, भरपाईचं कलम पुरस्कर्त्यावर (चाचणी करवून घेणाऱ्यावर) आहे की रुग्णालयावर ढकललं आहे, आणि मराठी संमतीपत्र इंग्रजीशी जुळतं का. 'रँडमायझेशन'ला 'यादृच्छिकीकरण' लिहून मोकळे होतात; कोणाला कळणार? 'तुम्हाला कोणतं औषध मिळेल हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरेल' असं लिहायला लावावं. गंभीर दुष्परिणाम चोवीस तासांत समितीकडे आला पाहिजे आणि मृत्यूच्या प्रकरणात समितीचं मत ३० दिवसांत जायला हवं. आधी गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं (चाचण्या नीट चालवण्याच्या नियमांचं) प्रशिक्षण घ्या.

दुसरी, गर्भलिंग निदान कायद्याखालची सल्लागार समिती. कलम १७ नुसार तिच्यावर एक कायदेतज्ज्ञ असतो, आणि दोन बैठकांत साठ दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. एफ फॉर्म (गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद) नीट वाचता येणारा वकील तिथे लागतो. अपूर्ण फॉर्मलाही कायद्यात उल्लंघन धरलं आहे, आणि ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कायम ठेवली.

तिसरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं पॅनेल. रुग्णालयांत मदत कक्ष चालवायला विधी स्वयंसेवक लागतात.

कागदवाला
नर्मदाताई, समित्यांचं मान्य. पण सगळे चांगले वकील बाहेर राहिले तर मंडळावर कोण उरतं? निधीची दरसूची बदलायचा ठराव बाहेरून होत नाही. आणि विश्वस्ताच्या रुग्णालयात सोनोग्राफी केंद्र असेल तर गर्भलिंग निदान समितीवर बसूच नये, हे ओघानेच आलं. दोन्ही एकदम नको.

नर्मदाताई_वकील
शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. पहिल्यावर नाही. पण ठरावाचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, हे कबूल.

सक्करदरा
बाहेरून काहीच होत नाही असं नाही. खासगी न्यासाला माहितीचा अधिकार थेट लागत नसला तरी धर्मादाय कार्यालयाला लागतो. रुग्णालयांनी दर महिन्याला दिलेली निर्धन निधीची विवरणपत्रं तिथून मागता येतात. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. आकडे हातात आले की मंडळाशी बोलणं सोपं जातं.

वैनगंगा
थोडं विषयांतर, पण विदर्भात बसून हे सुटायला नको. सिकलसेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया यांच्यासोबत सिकलसेल आहे. ४० टक्क्यांहून कमी नाही असं प्रमाणपत्र असेल तर उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागांचा दावा करता येतो. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या यादीत मात्र रक्तविकार धरलेले नाहीत. पालकांना हा फरक कोणी समजावून सांगत नाही, मुलं भलत्या अर्जावर वर्ष घालवतात. रुग्णालयात महिन्यातून एक दिवस वकील आणि समाजसेवक एका टेबलावर बसले, यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज तिथेच भरून दिला, तर केवढं काम होईल.

संत्राबर्फी
हे फार छान सांगितलं वैनगंगाभाऊ. आणि सरकारी रुग्णालयांत? १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळं मोफत आहे न?

सिस्टर_मेडिकलचौक
सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे उदाहरणार्थ नागपूरचं डागा. मेडिकल आणि मेयो ही इथली वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, तो निर्णय त्यांचा नाही. रुग्णाला पाठवण्याआधी हा फरक सांगावा, नाहीतर मेडिकलच्या खिडकीवर पावती पाहून वाद होतो.

तेलंगखेडी
सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंना पूर्ण धागा वाचून दाखवला. त्यांनी ठरवलं: मंडळावर जायचं, पण सचिव नाही, साधी विश्वस्त. मानधन नाही. केसेस नाहीत. पहिलं काम निर्धन निधीची दरसूची. नैतिकता समितीसाठी दुसऱ्या संस्थेकडे अर्ज. कागदवाला सर, ठरावात काय शब्द घालावेत?

कागदवाला
उत्तम निर्णय. ठरावात इतकं असू द्या: 'श्रीमती अमुक यांची मानद विश्वस्त म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. त्या न्यासाकडून कोणतेही वेतन अथवा मानधन घेणार नाहीत, तसेच न्यासाच्या बाजूने वा विरुद्ध कोणत्याही न्यायालयात अथवा प्राधिकरणासमोर वकीलपत्र घेणार नाहीत.' खाली न्यासाच्या प्रकरणांसाठी वेगळ्या वकिलाची नेमणूक करणारा दुसरा ठराव, त्याच सभेत. ताईंचं काही प्रकरण या रुग्णालयाविरुद्ध चालू असेल तर सभेआधी त्यातून मोकळ्या व्हा आणि पक्षकाराला लेखी कळवा.

लेखापाल_धंतोली
आणि सभेची नोटीस घटनेत सांगितल्याप्रमाणे, पोच घेऊन. घटनेत किती दिवस लिहिले आहेत ते आधी वाचा. ठराव झाला त्या दिवसापासून ९० दिवस सुरू. ताईंचं संमतीचं शपथपत्र त्याच आठवड्यात करून घ्या.